डीजे मिक्सरच्या फेडरचे वंगण

डीजे मिक्सरच्या फेडरचे वंगण म्हणजे मिक्सरवरील सरकत्या नियंत्रकांची हालचाल सुलभ राहावी, त्यांच्या विद्युत संपर्काची झीज कमी व्हावी आणि ध्वनीत खरखर येऊ नये यासाठी वापरले जाणारे तेल, ग्रीस किंवा तत्सम पदार्थ होय. फेडरमध्ये घर्षण दोन ठिकाणी होते. पहिले ठिकाण म्हणजे सरकत्या भागाला आधार देणारी दांडी आणि दुसरे म्हणजे विद्युत संपर्क जिच्यावरून घासत जातो ती रोधपट्टी. या दोन्ही ठिकाणांच्या गरजा भिन्न असल्यामुळे एका ठिकाणी योग्य असलेले वंगण दुसऱ्या ठिकाणी हानिकारक ठरू शकते. म्हणून वंगणाची निवड करताना फेडरचा प्रकार, वंगण लावायची जागा आणि वादकाला हवा असलेला स्पर्श या तीन गोष्टी क्रमाने विचारात घेतल्या जातात. अनेकदा फेडरला वंगणाची नव्हे, तर केवळ सफाईची आवश्यकता असते. झिजलेली रोधपट्टी कोणत्याही वंगणाने पूर्ववत होत नाही.

## पार्श्वभूमी

१९७० च्या दशकात अमेरिकेतील नृत्यगृहांमध्ये प्रसिद्ध झालेल्या बोझॅक कंपनीच्या सीएमए-१०-२डीएल या मिक्सरवर आवाज नियंत्रित करण्यासाठी गोल फिरणाऱ्या खुंट्या होत्या. पुढे डीजे मिक्सरवर सरळ रेषेत सरकणारे फेडर रूढ झाले. प्रत्येक ध्वनिस्रोताचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या उभ्या फेडरला 'चॅनेल फेडर' किंवा 'लाइन फेडर' म्हणतात, तर एका स्रोताकडून दुसऱ्या स्रोताकडे नेणाऱ्या आडव्या फेडरला 'क्रॉसफेडर' म्हणतात.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७० च्या दशकात हिप-हॉप संगीताचा उदय झाला. तबकडी हाताने मागे-पुढे फिरवून ध्वनी निर्माण करण्याच्या 'स्क्रॅच' तंत्राचे जनकत्व सामान्यतः ग्रँड विझार्ड थिओडोर यांच्याकडे दिले जाते. त्यानंतर विकसित झालेल्या 'ट्रान्सफॉर्मर' आणि 'क्रॅब' यांसारख्या तंत्रांमध्ये एका हाताने तबकडी फिरवली जाते आणि दुसऱ्या हाताने क्रॉसफेडर झपाट्याने उघडला व बंद केला जातो. 'क्रॅब' तंत्रात अंगठ्याचा आधार घेऊन उरलेल्या बोटांनी फेडरला एकामागोमाग एक टिचक्या दिल्या जातात. ध्वनिमुद्रण कक्षातील फेडर एखाद्या गीतात मोजक्या वेळा, सावकाश हलवला जातो. स्क्रॅच वादनातील क्रॉसफेडर मात्र एका सेकंदात अनेक वेळा हलतो. १९९० च्या दशकात जपानमधील वेस्टॅक्स कंपनीची पीएमसी-०५ प्रो ही मिक्सरमालिका स्क्रॅच वादकांमध्ये लोकप्रिय होती. अशा वापरामुळे फेडरची झीज, सफाई आणि वंगण हे विषय वादकांच्या नित्य देखभालीचा भाग बनले.

## रचना आणि कार्य

पारंपरिक फेडर हा सरळ रेषेत चालणारा पोटेन्शिओमीटर असतो. डीजे मिक्सरवरील क्रॉसफेडरचे सरकण्याचे अंतर सामान्यतः ४५ मिमी असते. लाइन फेडरसाठी ४५ किंवा ६० मिमी, तर ध्वनिमुद्रण कक्षातील मोठ्या मिक्सरवर १०० मिमी अंतर प्रचलित आहे. फेडरचे प्रमुख भाग पुढीलप्रमाणे आहेत.

* रोधपट्टी : निरोधक पट्टीवर दिलेला कार्बनचा किंवा विद्युतवाहक प्लॅस्टिकचा थर. याच्या दोन्ही टोकांना विद्युत जोडण्या असतात.
* संग्राहक पट्टी : रोधपट्टीला समांतर असणारी, कमी रोधाची वाहक पट्टी.
* वायपर : रोधपट्टी आणि संग्राहक पट्टी यांना जोडणारा, स्प्रिंगप्रमाणे दाब देणारा धातूचा सरकता संपर्क. त्याला बहुधा अनेक बारीक बोटे असतात.
* सरकता भाग : वायपर ज्यावर बसवलेला असतो तो प्लॅस्टिकचा ठोकळा. याची दांडी वर येते आणि तिच्यावर बोटांनी धरायची टोपी बसते.
* मार्गदर्शक : सरकत्या भागाला सरळ रेषेत ठेवणाऱ्या धातूच्या दांड्या. स्वस्त फेडरमध्ये दांड्यांऐवजी पत्र्याच्या आवरणाच्या कडाच हे काम करतात.

वायपर ज्या जागी असेल तेथील रोधाच्या प्रमाणात विद्युतदाब विभागला जातो. वायपर आणि पट्टी यांच्यामधील संपर्करोध स्थिर राहिला, तर आवाजातील बदल सुरळीत होतो. धुळीचा कण किंवा चिकट थर मध्ये आल्यास संपर्क क्षणभर तुटतो आणि तो तुटणे-जुळणे खरखरीच्या रूपाने ऐकू येते.

वंगणतेले बहुतांशी विद्युत निरोधक असतात. तरीही रोधपट्टीवर अत्यंत पातळ थर असताना संपर्क तुटत नाही, कारण वायपरच्या बोटांचा दाब तो थर बाजूला सारून पृष्ठभागाच्या उंचवट्यांना भिडतो. थर जाड झाला किंवा वंगण घट्ट झाले, तर वायपर वेगाने सरकताना पट्टीवरून उचलला जाऊ शकतो. त्यामुळे रोधपट्टीवर 'अधिक वंगण म्हणजे अधिक संरक्षण' हे गणित लागू होत नाही.

## फेडरचे प्रकार आणि वंगणाची गरज

### ध्वनिसंकेत थेट वाहणारे फेडर

साध्या मिक्सरमध्ये ध्वनिसंकेत प्रत्यक्ष रोधपट्टीतून जातो. अशा फेडरमधील प्रत्येक दोष थेट ध्वनीत उतरतो. येथे पट्टीची सफाई आणि तिला साजेसे सौम्य संपर्क-वंगण या दोन्हींचे महत्त्व सर्वाधिक असते.

### विद्युतदाब-नियंत्रित फेडर

अनेक व्यावसायिक मिक्सरमध्ये फेडरमधून ध्वनी जात नाही. फेडर केवळ एक नियंत्रक विद्युतदाब पुरवतो आणि त्यानुसार विद्युतदाब-नियंत्रित विवर्धक म्हणजेच 'व्हीसीए' आवाज कमी-जास्त करतो. नियंत्रक दाबातील सूक्ष्म चढउतार परिपथात गाळता येतात. म्हणून पट्टी थोडी अस्वच्छ असली तरी खरखर लवकर जाणवत नाही. अंकीय मिक्सर आणि डीजे कंट्रोलर यांमध्ये फेडरच्या दाबाचे अंकांत रूपांतर होते. तेथे पट्टीचा दोष खरखरीऐवजी आवाजाची पातळी अचानक उडण्याच्या किंवा फेडर पूर्ण बंद न होण्याच्या रूपाने प्रकट होतो.

### संपर्कविरहित फेडर

चुंबकीय फेडरमध्ये सरकत्या भागावरील चुंबकाची जागा संवेदक ओळखतो, तर प्रकाशीय फेडरमध्ये प्रकाशाच्या अडथळ्यावरून जागा ठरते. अमेरिकेतील रेन कंपनीच्या टीटीएम ५६ या मिक्सरमध्ये चुंबकीय फेडर वापरले होते. अशा फेडरमध्ये घासणारी रोधपट्टी नसल्याने संपर्क-वंगणाची आवश्यकता नसते. फक्त दांड्यांना स्वच्छता आणि अल्प तेल लागते. प्रकाशीय फेडरमध्ये संवेदकावर तेल उडाल्यास जागेचे मापन बिघडू शकते, म्हणून फवाऱ्याचा वापर टाळला जातो.

## निवडीचे निकष

श्यानता. वंगणाचा दाटपणा फेडरचा स्पर्श ठरवतो. पातळ तेलाने सरकता भाग हलका होतो. दाट, अवमंदक ग्रीसने त्याला मखमली, किंचित जड स्पर्श मिळतो. स्क्रॅच वादक क्रॉसफेडर बोटाच्या टिचकीने सरकेल इतका हलका पसंत करतात. लाइन फेडरला मात्र थोडा अवरोध असलेला बरा, कारण हळुवार आवाज बदलताना तो हाताला आधार देतो आणि कंपनाने फेडर आपोआप सरकत नाही. म्हणून एकाच मिक्सरमध्ये दोन प्रकारचे वंगण वापरणे सयुक्तिक असते.

प्लॅस्टिकशी सुसंगती. सरकता भाग आणि कधीकधी आवरणही प्लॅस्टिकचे असते. काही विद्रावक आणि खनिज तेले ताणाखाली असलेल्या पॉलिकार्बोनेट, पॉलिस्टायरीन किंवा एबीएस प्लॅस्टिकला सूक्ष्म तडे पाडतात. असा तडा लगेच दिसत नाही. काही काळानंतर सरकता भाग मोडतो. त्यामुळे 'प्लॅस्टिकसाठी सुरक्षित' असा स्पष्ट उल्लेख असलेले वंगण निवडले जाते.

पसरण्याची प्रवृत्ती. दांडीवर लावलेले तेल तेथेच राहिले पाहिजे. पृष्ठताण कमी असलेली तेले हळूहळू पसरत रोधपट्टीपर्यंत पोहोचतात.

टिकाऊपणा. हवेतील ऑक्सिजनमुळे काही तेले काळानुसार घट्ट व चिकट होतात. चिकट थर धूळ धरून ठेवतो आणि धूळ-तेलाचे मिश्रण पट्टी घासणाऱ्या लेपासारखे काम करते.

विद्युत गुणधर्म. रोधपट्टीजवळ विद्युतवाहक चूर्ण असलेले वंगण चालत नाही. ते पट्ट्यांमध्ये अनावश्यक वाहक मार्ग निर्माण करते आणि फेडर बंद असतानाही आवाज झिरपू शकतो.

पुन्हा साफ करता येणे. पुढील देखभालीच्या वेळी जुने वंगण सहज उपलब्ध असलेल्या विद्रावकाने निघेल की नाही, हेही पाहावे लागते.

## वंगणांचे प्रकार

| पदार्थ | दांडीसाठी | रोधपट्टीसाठी |
|---|---|---|
| फेडरसाठी बनवलेले संपर्क-वंगण | चालते | योग्य, अत्यल्प प्रमाणात |
| संश्लेषित हायड्रोकार्बन तेल | योग्य | सामान्यतः अनावश्यक |
| परफ्लुरोपॉलिइथर तेल | योग्य | उत्पादकाने सुचवल्यासच |
| सिलिकोन तेल | जपून | अयोग्य |
| कोरडे पीटीएफई | चालते | अयोग्य |
| शिलाई यंत्राचे तेल | तात्पुरते | अयोग्य |
| ग्रॅफाइट चूर्ण | अयोग्य | अयोग्य |

### फेडरसाठी बनवलेली संपर्क-वंगणे

ही वंगणे कार्बन आणि वाहक प्लॅस्टिकच्या पट्ट्यांसाठी तयार केलेली असतात. उदाहरणार्थ, 'डीऑक्सिट' या अमेरिकन उत्पादनमालेतील 'डी' प्रकार धातूच्या संपर्कांवरील ऑक्साइडचा थर काढण्यासाठी आहे, तर 'एफ' प्रकार फेडर आणि वाहक प्लॅस्टिकसाठी आहे. दोन्हींची नावे आणि डबे सारखे असल्यामुळे खरेदी करताना गल्लत होते. कार्बनच्या थरावर धातूप्रमाणे ऑक्साइड साचत नसल्याने तेथे ऑक्साइड काढणाऱ्या रसायनाचे प्रयोजन नसते.

### संश्लेषित हायड्रोकार्बन तेल व ग्रीस

पॉलिअल्फाओलेफिन या गटातील तेले साध्या खनिज तेलांपेक्षा अधिक स्थिर असून बहुतेक प्लॅस्टिकांना मानवतात. दांड्यांसाठी आणि अवमंदक ग्रीसच्या पायासाठी त्यांचा उपयोग होतो.

### परफ्लुरोपॉलिइथर तेल

ही फ्लुरीनयुक्त तेले रासायनिकदृष्ट्या जवळजवळ निष्क्रिय असतात. ती प्लॅस्टिकला अपाय करत नाहीत आणि दीर्घकाळ घट्ट होत नाहीत. मात्र ती महाग असतात आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलसारख्या नेहमीच्या विद्रावकात विरघळत नाहीत. चुकून जास्त लागल्यास ती काढणे कठीण जाते.

### सिलिकोन तेल

सिलिकोन तेलाची श्यानता तापमानानुसार फारशी बदलत नाही आणि ते बहुतेक प्लॅस्टिकांसाठी सुरक्षित असते. परंतु त्याचा पृष्ठताण फार कमी असल्याने ते पसरत जाते आणि विद्युत संपर्कावर निरोधक थर देते. धातूवर धातू घासत असताना त्याची वंगणक्षमताही मर्यादित असते. वापरायचेच झाल्यास ते फवाऱ्याने न मारता सुईच्या टोकाने फक्त दांडीवर लावले जाते.

### कोरडी वंगणे

पीटीएफई या पदार्थाचा शोध रॉय प्लंकेट यांना १९३८ मध्ये लागला. त्याचा घर्षणांक अत्यंत कमी असतो. विद्रावकासह फवारल्यावर मागे त्याचा पांढरा कोरडा थर राहतो. तो धूळ फारशी धरत नाही, म्हणून दांड्यांसाठी उपयोगी ठरतो. तो निरोधक असल्याने पट्टीवर पडू देऊ नये. ग्रॅफाइट हेही कोरडे वंगण असले, तरी विद्युतवाहक असल्यामुळे फेडरमध्ये वर्ज्य आहे.

### घरगुती पर्याय

डब्ल्यूडी-४० हा प्रसिद्ध फवारा १९५३ मध्ये अमेरिकेतील सॅन डिएगो येथील रॉकेट केमिकल कंपनीने पाणी हटवून धातूला गंजण्यापासून वाचवण्यासाठी तयार केला. त्याच्या नावातील ४० हा आकडा यशस्वी ठरलेल्या चाळिसाव्या मिश्रणाचा निदर्शक आहे. त्यातील विद्रावक उडून गेल्यावर मागे तेलकट थर उरतो. प्रारंभी फेडर मोकळा झाल्यासारखा वाटतो, परंतु विद्रावकाने मूळ ग्रीस धुऊन जाते आणि उरलेला थर धूळ गोळा करू लागतो. त्याच नाममुद्रेचे स्वतंत्र संपर्क-स्वच्छक उपलब्ध आहे. ते मूळ फवाऱ्याहून वेगळे आहे.

शिलाई यंत्राचे तेल हे पातळ खनिज तेल असते. दांडीवर त्याचा तात्पुरता उपयोग होतो, पण ते पट्टीकडे पसरण्याची शक्यता राहते. खोबरेल तेल सुमारे २४ अंश सेल्सिअसखाली गोठते, त्यामुळे थंडीत किंवा वातानुकूलित सभागृहात फेडर जड होऊ शकतो. खाद्यतेले या कामासाठी वापरत नाहीत. हात निर्जंतुक करण्याच्या द्रवात अल्कोहोल असले तरी त्यात बहुधा ग्लिसरॉलही असते. ते मागे चिकट थर ठेवते, म्हणून सफाईसाठी तो द्रव अयोग्य ठरतो.

## बिघाडाचे निदान

वंगण लावण्यापूर्वी दोषाचे मूळ शोधणे आवश्यक असते.

* फेडर जड किंवा अडखळत चालत असेल, पण ध्वनी स्वच्छ असेल, तर दोष दांडीवर असतो.
* फेडर हलका चालतो, पण सर्वत्र थोडी खरखर येते, अशा वेळी पट्टी अस्वच्छ असण्याची शक्यता अधिक असते.
* खरखर नेमक्या एकाच जागी येत असेल आणि सफाईनंतरही कायम राहत असेल, तर त्या जागी पट्टी झिजलेली असते.
* पट्टी स्वच्छ असूनही खरखर येत असेल, तर परिपथातील गळका धारित्र फेडरमध्ये एकदिश विद्युतदाब सोडत असू शकतो. हा दोष वंगणाने जात नाही.

फेडर मिक्सरमधून सुटा केल्यावर मल्टिमीटरने वायपर आणि एका टोकामधील रोध मोजता येतो. फेडर सावकाश सरकवताना रोध सलग बदलला पाहिजे. तो मध्येच अचानक अमर्याद झाला, तर संपर्क तुटत असल्याचे समजते.

## देखभालीची पद्धत

प्रथम मिक्सर बंद करून विद्युतपुरवठ्यापासून पूर्णपणे वेगळा केला जातो. मिक्सरमधील वीजपुरवठा विभागाच्या धारित्रांत विद्युतभार काही काळ टिकू शकतो, त्यामुळे त्या भागाला हात लावला जात नाही. अनेक डीजे मिक्सरमध्ये क्रॉसफेडर बदलण्याची सोय असते. टोपी आणि वरची पट्टी काढल्यावर दोन स्क्रू सोडवून तो बाहेर घेता येतो. जोडणीच्या तारेची दिशा लक्षात राहावी म्हणून आधी छायाचित्र काढून ठेवणे उपयुक्त ठरते.

फेडरचे आवरण पत्र्याच्या दुमडलेल्या कानांनी बंद केलेले असेल, तर ते कान एकदाच आणि सावकाश उघडले जातात. वारंवार वाकवल्यास ते तुटतात. सैल धूळ मऊ कुंचल्याने झटकली जाते. दांड्या आणि जुने ग्रीस पुसण्यासाठी तंतू न सुटणाऱ्या कापडावर किंवा फोमच्या बोळ्यावर ९९ टक्के शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतले जाते. औषधी दुकानात मिळणाऱ्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये उर्वरित भाग मुख्यतः पाण्याचा असल्याने ते सावकाश सुकते. रोधपट्टीवर बोळा दाब न देता, लांबीच्या दिशेने फिरवला जातो. वायपरची बोटे वाकल्यास फेडर निकामी होतो, म्हणून ती कापडाने पुसली जात नाहीत.

सर्व भाग पूर्ण वाळल्यावर दांडीवर तेलाचा एक लहान थेंब लावून फेडर वीस-तीस वेळा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवला जातो. वर आलेले जादा तेल पुसून घेतले जाते. पट्टीवर संपर्क-वंगण लावायचे असल्यास ते बोळ्यावर घेऊन पुसटसे फिरवले जाते. जोडणी पूर्ववत करून क्रॉसफेडर दोन्ही टोकांना पूर्ण बंद होतो का, हे ऐकून तपासले जाते. स्क्रॅच वादनासाठी टोकाजवळ आवाज नेमका कुठे सुरू होतो, ते अंतर महत्त्वाचे असते. टोकाशी साचलेले ग्रीस हे अंतर बदलू शकते.

फेडर न उघडता फटीतून फवारा मारण्याची पद्धत सोपी असली, तरी तिच्यामुळे धूळ आत ढकलली जाते, दांडीवरील ग्रीस विरघळून पट्टीवर येते आणि द्रव खालच्या परिपथावर गळतो. कार्यक्रम सुरू असताना तातडीचा उपाय एवढ्यापुरतीच ती मर्यादित ठेवली जाते.

## धूळ आणि हवामान

वंगण किती काळ टिकेल हे परिसरावरही अवलंबून असते. महाराष्ट्रात गणेशोत्सवातील विसर्जन मिरवणुका आणि लग्नाच्या वराती यांमध्ये मिक्सर उघड्या वाहनावर ठेवला जातो. अशा वेळी रस्त्यावरील धुळीबरोबर गुलालही फेडरच्या फटींत शिरू शकतो. स्टार्चपासून बनवलेला गुलाल दमट हवेत ओलावा धरतो आणि तेलात मिसळून चिकट लगदा तयार होतो. ओल्या तेलाने माखलेला फेडर अशा ठिकाणी कोरड्या फेडरपेक्षा लवकर अडकतो. म्हणून मिरवणुकीपूर्वी नव्याने तेल घालण्यापेक्षा फेडर स्वच्छ करून ठेवणे, वापर नसताना मिक्सर झाकणे आणि कार्यक्रमानंतर गुलाल कोरडा असतानाच कुंचल्याने झटकणे हितावह ठरते. समुद्रकिनाऱ्यावरील कार्यक्रमांत खारी हवा धातूच्या दांड्या गंजवू शकते. तेथे दांडीवरील तेलाचा पातळ थर संरक्षक ठरतो.

## सुरक्षितता आणि मर्यादा

आयसोप्रोपिल अल्कोहोलचा प्रज्वलनांक सुमारे १२ अंश सेल्सिअस असल्याने सामान्य तापमानालाही त्याची वाफ पेट घेऊ शकते. सफाई हवेशीर जागी, ज्योत आणि तापलेल्या डागण्यांपासून दूर केली जाते. विद्रावक पूर्ण उडून जाण्यापूर्वी मिक्सर सुरू करत नाहीत. मिक्सर उघडल्याने उत्पादकाची हमी संपुष्टात येऊ शकते. उत्पादकाच्या पुस्तिकेत विशिष्ट वंगण सुचवले असेल, तर त्याला प्राधान्य दिले जाते, आणि वंगण लावू नये असे म्हटले असेल तर फक्त सफाई केली जाते.

फेडर हा झिजणारा सुटा भाग आहे. कार्बनचा थर उडालेली पट्टी, वाकलेला वायपर किंवा ढिला झालेला सरकता भाग यांवर वंगण हा उपाय नाही. अशा वेळी फेडर बदलला जातो. योग्य वंगणाने आणि नियमित सफाईने बदलण्याची ही वेळ पुढे ढकलता येते, तर चुकीच्या वंगणाने ती जवळ येते.

## हे सुद्धा पहा

* डीजे मिक्सर
* पोटेन्शिओमीटर
* वंगण
* श्यानता
* घर्षण
* हिप-हॉप संगीत